किशनअंकलच्या गाडीचे पाटे

अंबरनाथहून शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी शिरगावच्या घरी दूध तापवत होते. "नलू गेली गं... चहा घेता घेताच." नलूआत्याला जाऊन आता महिना उलटला. भेटायला येणारे तिच्या हुशारीबद्दल बोलतात, आणि ते खरंच आहे. कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात तिची हयात गेली. मला मात्र राहून राहून आठवते ती निवृत्तीनंतरची आत्या, उल्हासनगरच्या एका शेडमध्ये पोतं अंथरून जुन्या गाडीखाली सरकलेली.

गाडी किशनअंकलची. ते फर्निचरचे व्यापारी, आमच्या घरचे जुने स्नेही. तरुणपणी त्यांनी हौसेने दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार घेतली होती. बदलापूरकडे जाताना एका वळणावर ती मागून फिरली, उलटली, आणि शेजारी बसलेला धाकटा भाऊ गेला. भरधाव चालवली असणार, असं सगळे म्हणाले. किशनअंकलनीही ते मान्य करून टाकलं. गाडी शेडमध्ये बंद झाली आणि भावाच्या घरची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. कितीतरी वर्षांनी त्यांच्या मुलीने, रेश्माने, ती दुरुस्तीला काढली. मागचे पाटे बदलायचे होते, पण नेमके कुठले मागवायचे ते कोणालाच कळेना, म्हणून तिने आत्याला बोलावलं. मीही बरोबर गेले.

मागच्या चाकांवर गाडीचा भार पेलणारे ते कमानदार पोलादी पाटे, डावा आणि उजवा, दिसायला अगदी सारखे होते. लांबी तीच, पट्ट्या तितक्याच. आत्याने सुतळी घेतली आणि पाट्याच्या पुढच्या टोकापासून ते चाकांचा आस बोल्टने आवळलेला असतो तिथपर्यंतचं अंतर मापलं. मग तीच सुतळी दुसऱ्या बाजूला लावली. डावीकडे ती अंगठाभर कमी पडली. म्हणजे डावं चाक तेवढं मागे होतं, आस तिरका बसला होता. आत्या बराच वेळ गाडीखालून बाहेरच आली नाही... मग तिने फक्त एवढंच विचारलं, "किशनभाई, डावा पाटा कधी बदलला होता?"

"ॲक्सिडेंटच्या आठवडाभर आधी. तुटला होता ना."

आत्याने आधी त्या मॉडेलची जुनी ड्रॉइंग मिळवली, आणखी एक तशीच गाडी शोधून तिचे पाटे मापून आली. पुरती खात्री होईपर्यंत तिने मलाही काही सांगितलं नाही. मग किशनअंकलसमोर बसून म्हणाली, "हा पाटा या गाडीचा नाही. तुमचा वेग किती होता ते मला सांगता येणार नाही. पण मागची चाकं सरळ नव्हती. वळणावर ब्रेक दाबला की गाडी मागून फिरायचीच, चालवणारा कोणीही असो."

"फिर से नापो, ताई," ते म्हणाले.

तिने पुन्हा मापलं. मग त्यांनी स्वतः गुडघे टेकले, सुतळी धरली, आणि तसेच बसून राहिले. रेश्मा जवळ जायला निघाली तर आत्याने हाताने तिला थांबवलं. उठल्यावर ते एवढंच म्हणाले, "भाईके घर जायचंय. तुम्ही येता का बरोबर?" त्या घरात काय बोलणं झालं ते आत्याने कधी सांगितलं नाही. नुसता वेगच दोषी, असं म्हणणं सोपं होतं. गाडीच दोषी, असं म्हणणंही. ती दोन्हींच्या मधे, जेवढं खरं तेवढ्यावरच उभी राहिली. एवढं काटेकोर असूनही इतकं मायाळू असता येतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

योग्य जोडी मिळायला बरेच महिने लागले. आलेले दोन जोड आत्याने परत पाठवले. गाडी अखेर सरळ उभी राहिली तेव्हा किशनअंकल तो डावा पाटा भंगारात द्यायला निघाले. आत्या म्हणाली, "मला द्या." तेव्हापासून तो तिच्या गॅलरीत, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून टेकवलेला असे. कोणी विचारलं तर म्हणायची, "चांगला पाटा आहे. दुसऱ्या गाडीचा आहे, एवढंच."

परवा तिचं घर आवरताना तो उचलायला गेले. एका हाताने उचलेना... दोन्ही हात लावले आणि पोटाशी धरून जिना उतरले.