पाना न लागलेलं इंजिन

त्रेसष्टाव्या वर्षी मी फार तरुण होते. आज सत्तरी ओलांडून त्या पोरीकडे पाहिलं की आधी हसू येतं, मग एक ठेवून द्यावीशी वाटते. डोळ्यांवर बशीएवढा गॉगल, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि तोंडात एकच शब्द : फॉरेन.

झालं होतं असं, की आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांनी एक क्लब काढला होता, आणि त्या क्लबच्या सात गाड्या रस्त्याने नेपाळला निघाल्या होत्या. पोखऱ्याच्या हौशी मंडळींनी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन ठेवलं होतं, तिथलं आमंत्रण होतं. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मतदानाचं कार्ड चालतं, हे कळलं तेव्हा मी दोन दिवस तोंड पाडून होते. मोताळ्याच्या आठवडी बाजारात भाजी घेता घेता मी अर्ध्या गावाला फॉरेन सांगून बसले होते. एकीने विचारलंच, "व्हिसा कवा भेटला वं बाई?"

"ते डॉक्टरसाहेब पाहून राह्यले," मी म्हटलं आणि मेथीची जुडी उगाच उलटीपालटी केली.

डॉक्टरसाहेब म्हणजे क्लबचे अध्यक्ष. खामगावचे, दातांचे. उभा जन्म लोकांच्या तोंडात खोटे दात बसवण्यात गेला, पण गाडीत एक स्क्रू खोटा खपायचा नाही. गाडी ओरिजनल पाहिजे. हा शब्द ते अशा काही नजरेने उच्चारत, की समोरच्याने आपल्या दाढा जिभेने चाचपून पाहाव्यात.

आमची गाडी सासऱ्यांनी घेतलेली. गोल पाठीची, पोपटी, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. सासरे गेल्यावर वीस वर्षं ती शेडमध्ये पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. तिला उठवलं ते मिस्त्रींनी. एसटी स्टँडजवळ त्यांचं गॅरेज. दर शुक्रवारी गॅरेज बंद, आणि नमाज झाली की थेट आमच्या शेडमध्ये. अशी दोन वर्षं. जुने भाग कुठे मिळत नव्हते, मग जे मिळालं ते कानशीने घासून, वेल्डिंगने वाढवून त्यांनी ते इंजिन पुन्हा उभं केलं. या दोन वर्षांत मी काय केलं? चहा दिला, आणि फरशीवर ऑइलचे डाग पडतात म्हणून कुरकुर केली.

क्लबची पहिली बैठक आमच्याच अंगणात झाली. डॉक्टरसाहेबांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि आमच्या ह्यांना विचारलं, "काय काय बदललंय यात?"

हे कृषी केंद्र चालवतात. सोयाबीनच्या बियाण्यावरही पाच मिनिटं विचार करून एक वाक्य बोलणारा माणूस. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मी मधे उडी मारली.

"काही म्हणजे काही नाही! या इंजिनाले आजवर पाना नाही लागला."

मिस्त्री तिथेच उभे होते, हातात फडकं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या काळ्या नखांकडे पाहिलं, आणि मडगार्ड पुसायला घेतलं. डॉक्टरसाहेब मात्र असे गहिवरले, जसं काही साठाव्या वर्षी बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेला पेशंट पाहिला. लोक गेल्यावर हे म्हणाले, "बरं नाही केलं." मी म्हटलं, "तुमाले काही समजत नाही."

त्यानंतर दोन वर्षांनी नेपाळ. मिस्त्रींना क्लबने सोबत घेतलं, सगळ्यात मागच्या जीपमध्ये. "हे आपल्या गाड्यांची हवा बघतील," अशी डॉक्टरसाहेबांनी ओळख करून दिली. मी शेजारीच होते. रुमालाची गाठ नीट करत राहिले.

वाटेत माझं खोटं अंगाने भरत गेलं. जबलपूरला मी सांगितलं, सासरे बोनेट कुणाला उघडू देत नसत. प्रयागराजला तेच सासरे बोनेटला रोज गंध लावू लागले. गोरखपूरच्या हॉटेलात तर एक इंग्रज साहेब ही गाडी मागायला आला आणि हात हलवत परत गेला. साहेब देश सोडून गेल्यावर चांगल्या दहा-अकरा वर्षांनी गाडी कारखान्यातून निघाली होती, हे त्या अक्कलवान बाईच्या ध्यानात आलं नाही. नशीब, ऐकणाऱ्यांच्याही नाही. डॉक्टरसाहेबांनी तिथेच जाहीर केलं, की पोखऱ्यात आपल्या रांगेत पहिली उभी राहील ती ही पोपटी गाडी, आणि क्लबची 'अस्सल गाडी'ची ढालही तिलाच. मी ढाल हॉलमध्ये कुठे ठेवायची याचा विचार करत झोपले.

सोनौलीला सीमा ओलांडली. फॉरेन आलं, पण दुकानांवर तीच कुरकुऱ्यांची पाकिटं लटकत होती. बुटवल गेलं, घाट लागला. अर्धा घाट चढतो न चढतो तोच बोनेटखाली फाडकन आवाज आला, काटा लालवर गेला आणि वाफेने समोरचा रस्ता दिसेना. पंख्याचा पट्टा तुटला होता.

सातही गाड्या कडेला लागल्या. डॉक्टरसाहेबांनी चामड्याचे हातमोजे चढवले आणि क्लबच्या पेटीतून कोरा करकरीत, ओरिजनल पट्टा काढला. तो बसेना. एका बाजूने चढवला की दुसरीकडून निसटे. तासभर खटपट झाली, एक हातमोजा फाटला. "थंडीनं आखडला असेल," डॉक्टरसाहेब म्हणाले. आम्ही सगळे घाम पुसत होतो.

तो का बसत नाही, हे त्या घाटात तिघांना ठाऊक होतं. आत पाण्याचा पंप जीपचा होता, त्याची चकती तिसऱ्याच कशाची, आणि तुटलेला पट्टा सोयाबीनच्या मळणी यंत्राचा. तसलाच दुसरा मिस्त्रींनी निघताना पिशवीत टाकलेला मी पाहिला होता. ती पिशवी मांडीवर घेऊन ते कठड्यावर बसले होते, भुईमुगाच्या शेंगा फोडत.

मी हळूच जवळ गेले. "मिस्त्री, पाहा ना जरा."

"काय पाहू भाभी? डॉक्टरसाहेब बसवून राह्यले ना पट्टा."

"तो नाही बसत. तुमाले माहीत आहे."

"मले कसं माहीत असीन? इंजिनाले पाना नाही लागला म्हणता. मंग पयला पाना मी लावू काय, फॉरेनमधी? तुमच्या सासऱ्याले काय वाटीन?"

"हळू बोला."

"हळूच बोलून राह्यलो, भाभी. दोन सालापासून हळूच बोलून राह्यलो." त्यांनी शेंग फोडली. दाणे मला दिले नाहीत. "पट्टा पिशवीत आहे. इस मिनिटाचं काम आहे. पण हात कोणाचा लागला थे पयले तुमी सांगा. मी सांगन तं लोक म्हणतीन, मिस्त्री फेकून राह्यला."

मी परत गाडीपाशी आले. तिकडे डॉक्टरसाहेबांचा निर्णय झाला होता : ट्रक बोलावून पोपटी गाडी खाली बुटवलला न्यायची, बाकीच्यांनी पुढे जायचं. आणि त्या बयेला, सांगायला लाज वाटते, पहिल्यांदा बरंच वाटलं. गाडी बंद पडली तर पडली, गोष्ट तर शाबूत राहील! हे माझ्याकडे पाहत होते. काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं बेचाळीस वर्षं मी सोयीने हो समजत आले होते. त्या दिवशी तसं समजता येईना.

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं. "तो पट्टा जन्मात नाही बसणार. हे इंजिन मिस्त्रींनी बांधलं, पहिल्या नटापासून. मी खोटं बोलले." गॉगल काढला नव्हता. तेवढी लबाडी अजून शिल्लक होती.

डॉक्टरसाहेबांनी फाटका हातमोजा सावकाश काढला. "अन् ते इंग्रज साहेब?"

"ते बी नाही."

"मग या गाडीत ओरिजनल आहे तरी काय?"

मिस्त्रींनी मांडीवरची टरफलं झटकली, उठले. "हार्न," ते म्हणाले.

"हॉर्न मी दिवाळीत बदलला," हे म्हणाले.

कोण आधी हसलं माहीत नाही, पण डॉक्टरसाहेब सोडून सगळे हसले. मिस्त्रींनी बाह्या सारल्या. "भाभी, गागल काढा अन् हे धरा इथं. घट्ट." वीस मिनिटं मी ते तापलेलं लोखंड फडक्याने धरून उभी होते. पट्टा बसला, इंजिन लागलं. पुढच्या सीटवर मिस्त्री बसले, मागे सामानात मी. निघण्याआधी मलकापूरच्या एका सदस्याने त्यांना बाजूला घेऊन आपल्या कार्बुरेटरबद्दल काहीतरी फार हळू आवाजात विचारलं.

पोखऱ्यात आमची गाडी रांगेत सातवी उभी राहिली, चहाच्या टपरीच्या आडोशाला. ढाल कुणालाच मिळाली नाही. डॉक्टरसाहेबांनी ती पेटीतून काढलीच नाही. नेपाळी मंडळींनी प्रत्येक गाडीपुढे ठेवायला एक कोरं कार्ड दिलं, गाडीची माहिती लिहायला. मी पेन उघडलं आणि मिस्त्रींना हाक मारली.

"तुमचं नाव लिहिते. पूर्ण नाव सांगा."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "इतक्या सालापासून चहा पाजून राह्यले, नाव माहीत नाही?"

"तुमी कधी सांगितलं नाही."

"तुमी कधी इचारलं?"

मी पेन टेकवून उभी राहिले. त्यांनी सांगितलं, एकेक शब्द थांबून, शाळेत घालायला आणलेल्या पोराचं सांगावं तसं. मग म्हणाले, "अब्बाचं बी टाका. हात त्यायनंच शिकवला." टाकलं. "अन् खाली मोताळा लिहा, एसटी स्टँडजवळ. कोण्या नेपाळवाल्याले काम पडलं तं?" तेही लिहिलं, मोठ्या अक्षरात, कारण तोवर माझा हात सैल झाला होता.

कार्ड काठोकाठ भरलं. मालकांच्या नावाला जागा कुठे आहे, असं मी ह्यांना विचारलं.

ह्यांनी पाच मिनिटं विचार केला. "कार्डाच्या मागच्या बाजूला लिही," म्हणाले.