स्टेपनीच्या खड्ड्यातला घुमारा

आमच्या गाडीची डिक्की माझी नव्हती. गाडी माझ्या नावावर, चालवायचो मी, बंद पडली की ढकलायचोही मीच; पण डिक्की बायकोची. कापसाला भाव नसण्याची ती वर्षं. आमच्या मारेगावच्या पट्ट्यात कापसाशिवाय दुसरं काही आम्हाला पिकवता येत नव्हतं, आणि कापूस तरी पिकवता येतो ही आमची आपली समजूत. शेवटी बायकोनं आठवडी बाजारात गाऊन, परकर, पोरांचे कपडे विकायला सुरुवात केली आणि मी तिचा ड्रायव्हर झालो. डिक्कीत गठ्ठे, मागच्या सीटवर गठ्ठे आणि बायको, माझ्या शेजारी माझे वडील.

बाबांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. त्यांचे कान गेले होते. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचे शब्द गेले. कानाचं मशीन आणून दिलं तर ते नुसत्या शिट्ट्या मारायचं. बाबांनी ते सुपारीच्या डबीत ठेवून दिलं आणि म्हणाले, “आता डबीले आयकू येते.”

दुसऱ्या कुणाचे कान गेले असते तर एवढं वाटलं नसतं. बाबा गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत कळंबपासून पुसदपर्यंत पार्टी फिरायची. गाणारे बदलले, पेटीवाले बदलले, ढोलकी मात्र बाबांचीच. त्यांच्या डाव्या हाताचा घुमारा ऐकून लोक जेवणाच्या ताटावरून उठून यायचे, असं बाबा सांगत. ताटात काय होतं ते सांगत नसत. कान गेल्यावर त्यांनी एकदा ढोलकी मांडीवर घेतली, थोडी वाजवली आणि खाली ठेवली. “लाकडावर हात मारल्यासारखं लागते,” एवढंच बोलले. पुन्हा तिला हात लावला नाही.

एका बाजाराहून परत येताना आमची गाडी वरातीच्या डीजेमागं अडकली. काचा थरथरत होत्या, बायकोनं कानात पदराचे बोळे घातले होते. बाबांनी एकदम छातीवर हात ठेवला. 

“बाबा, काय होऊन राह्यलं?” ओठ दिसावेत म्हणून मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडलो.

बाबा हसत होते. “येऊन राह्यलं ना,” ते म्हणाले. “छातीत येऊन राह्यलं.”

झालं. तिथून माझ्या डोक्यात वूफर शिरला, छातीत धडकणारा तो मोठा स्पीकर. पार्टीच्या गाण्यांची एक जुनी कॅसेट होती, भाच्यानं तिची सीडी करून दिली होती. आमच्या गाडीच्या दारांतले स्पीकर ती वाजवायचे, पण डास गुणगुणल्यासारखी. घरी वाजवायचं तर भारनियमन. आमच्या घरात विजेचं येणं पाहुण्यासारखं होतं, तेही रुसलेल्या. गाडीला निदान स्वतःची बॅटरी होती. मोठा वूफर गाडीत बसवला तर बाबांना त्यांचा स्वतःचा घुमारा छातीतून ऐकता येईल, असा माझा हिशेब.

बायकोला सांगितलं. तिनं गठ्ठ्याची गाठ आवळत ऐकून घेतलं.

“कापूस घरात पडून हाय, अन् तुमी निंघाले बाजा बसवाले.”

“बाबासाठी हाय वो.”

बाबांवर तिचा माझ्यापेक्षा जास्त जीव होता. त्यांना ताटात काय वाढायचं ते ती त्यांच्याकडे बघून ओळखायची. “बसवा,” ती म्हणाली. “पण डिक्कीतली बोटभर जागा जरी गेली, तं त्या डब्ब्यासंग तुमालेबी बजारात मांडतो. गिऱ्हाईक येनार नाही ते अलग.”

बसस्टँडजवळच्या टेपवाल्यानं डिक्की उघडून डोकं खाजवलं. मग त्यानं डिक्कीचा तळ उचलला आणि स्टेपनीच्या गोल खड्ड्याकडे बोट दाखवलं. “भाऊ, इथं बसते. स्टेपनी वर कॅरियरवर बांधा.” त्यानं खड्ड्याच्या मापाचा प्लायचा उथळ डबा केला, त्यात वूफर बसवला आणि वर तळ परत टाकला. बायकोनं स्वतः गठ्ठे रचून पाहिले. सगळे मावले. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं लग्नातही पाहिलं नव्हतं.

एकच अडचण होती. डबा उथळ म्हणून आवाज कोंडत होता. टेपवाला म्हणाला, “आत गादीवाल्याकडची पिंजलेली रुई भरा. डब्बा लहान असला तरी आवाज मोठा निंघते.”

आता, ज्याच्या घरातली आख्खी खोली छतापर्यंत कापसानं भरलेली आहे, ज्याची पोरं त्या कापसावर झोपून अंग खाजवत उठतात, त्यानं रुई विकत आणायची? मला ते अपमानाचं वाटलं. व्यापारी विचारत नाही तर नाही, निदान माझा वूफर तरी माझा कापूस घेईल! घरी येऊन मी स्क्रू काढले आणि दोन्ही हातांनी कापूस डब्यात ठासला. आमच्या शेतातला, वेचला तसा, सरकीसकट. गादी भरायला सरकी काढून घेतात हे मला काय माहीत नव्हतं? पण मनात म्हटलं, याच्यावर कोणाला झोपायचं आहे! वायर आत जायला भोक अपुरं होतं, तेही चांगलं मोठं करून दिलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना पुढच्या सीटवर बसवलं आणि सीडी लावली. बाबा समोर पाहत होते. मग त्यांचा डावा हात मांडीवरून उठला. बोटं हवेत थांबली, आणि बरोबर ठेक्यावर मांडीवर पडली. पुन्हा. पुन्हा. मधेच ते खुदकन हसले. “इथं म्या घाई केली होती,” ते म्हणाले. “पेटीवाल्यानं मले शिव्या देल्त्या.” बायको मागं गठ्ठ्याला टेकून बसली होती. तिनं डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाली. त्यानंतर बाजाराचा दिवस आला की बाबा सकाळीच टोपी घालून गाडीत जाऊन बसायचे.

पण गाडी उभी असायची कापसाच्या खोलीला लागून, आणि खोलीत सरकीवर पोसलेले उंदीर. मी त्यांच्यासाठी काय करून ठेवलं होतं ते आता सांगायला नको. मऊ अंथरूण, पोटभर सरकी, वर छप्पर आणि आत यायला मोठं दार. एका बाजाराच्या सकाळी सीडी लावली तर मागून नुसती फडफड आली, ओला कागद फाटावा तशी. मी डिक्कीचा तळ उचलला. वूफरचा पडदा कुरतडून त्याची झालर झाली होती. डब्यात पोकळ सरकीच्या टरफलांचा ढीग आणि कापसात गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेली.

टेपवाला म्हणाला, हा आता कामातून गेला, नवाच घ्या. नव्याचं नाव घरात कुणी काढलं नाही. खोलीतला कापूस अजून तसाच पडून होता. मी डबा काढला, खड्डा पुसला आणि स्टेपनी परत जागेवर ठेवली.

बाबांना सांगणार कसं? ओरडून सांगायचे शब्द वेगळे असतात. “वूफर उंदरानं खाल्ला” हे काही गल्लीभर ओरडून सांगायचं वाक्य नव्हे. पुढच्या बाजाराला ते टोपी घालून गाडीत बसले होते, बायको अजून घरात गठ्ठा बांधत होती. डावा हात मांडीवर. मी गाडी चालू केली, तसं त्यांनी टेपकडे बोट केलं.

“लाव ना बे.”

मी लावली. दारांतून डास गायला लागले. बाबा थांबले. त्यांना वाटलं असेल अजून सुरू व्हायचं आहे. त्यांनी दारावर तळवा टेकवून पाहिला, मग छातीवर. मी हात मागं नेला आणि त्यांच्या सीटच्या पाठीवर मुठीनं ठोके द्यायला लागलो, गाण्याबरोबर. निदान माझ्या मते गाण्याबरोबर.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ताल न येणारा माणूस बैठकीत बसला तर ज्या नजरेनं पाहतात, त्या नजरेनं.

“राहू दे,” ते म्हणाले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तिच्याखाली दोन्ही हात घेतले. “सूनबाईले आवाज दे. बजार भरला असन.”