फ्रीज चालू की बंद

गणपतीला गावी जाताना फ्रीज चालू ठेवायचा की बंद करायचा, यावरून आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दरवर्षी पेटतो. अर्धी बिल्डिंग कोकणातली, त्यामुळे घरांना एकदमच कुलपं लागतात. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणतात, बंद. नाहीतर कॉम्प्रेसर जळतो. आमचे बाबा म्हणतात, चालू. बंद ठेवला की गॅस बसतो. दोघांनीही आयुष्यात फ्रीज कधी खोलून पाहिलेला नाही, पण आवाज मेकॅनिकचा.

यंदा बाबा इरेला पेटले, कारण फ्रीजरमध्ये सुरमई होती. ताईला दिवस गेलेले, डोहाळे सुरमईचे, आणि गणपती आटोपले की ती माहेरी येणार होती. म्हणून आईने श्रावणाआधीच तुकड्या घेऊन ठेवल्या होत्या. काकांनी ग्रुपवर विचारलं, "मध्ये लाईट जाऊन परत आली तर कळणार कसं? पोरीला खराब मासे घालणार काय?"

बाबांकडे उत्तर तयार होतं. वाटीत पाण्याचा बर्फ करायचा, वर नाणं ठेवायचं. बर्फ वितळला तर नाणं बुडणार. परत आल्यावर ते तळाशी दिसलं की मासे फेकायचे. "हे विज्ञान आहे, मत नाही," असं लिहून त्यांनी निकालाचा फोटो टाकायचं जाहीर केलं. पंधरा-वीस अंगठे पडले. काकांचा पडला नाही.

ताईला तिच्या सासरहून सोबत घेऊन परत आलो तेव्हा बाबांनी चपला काढायच्या आधी फ्रीजर उघडला. नाणं तळाशी, वर टणक बर्फ. बाबा खुर्चीत बसले.

आईने वाटी हातात घेतली. "नाणं ठेवलंत कधी?"

"निघताना."

"आणि पाणी?"

"तेही निघतानाच. रिक्षावाला खाली ओरडत होता ना."

म्हणजे नाणं बुडालं होतं ते पहिल्याच मिनिटाला, पाण्यात. लाईट गेली की नाही हे देवालाच ठाऊक. मी आणि ताई पोट धरून हसलो. आईने सुरमई फेकायला पिशवीत भरली. शंका आली की गर्भारशीला द्यायचं नाही, विषय संपला.

तेवढ्यात काकांचा मेसेज आला: "निकाल?"

मला बाबांची दया आली. नाणं वर ठेवून फोटो काढला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तसं मी म्हटलंही. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ताईमागे सरकले. मग त्यांनी एका बोटाने टाइप केलं: "प्रयोग फसला. बर्फ व्हायच्या आधीच नाणं टाकलं. चूक माझी. मासे फेकले."

ग्रुपवर कुणी चूक कबूल केलेली मी प्रथमच पाहिली. मग काकांचं उत्तर आलं: "मी फ्रीज बंद केला आणि दार घट्ट लावून गेलो. आत काळी बुरशी. बायको घरात घेत नाहीये. जिन्यात बसलोय."

बाबांनी तो मेसेज आम्हाला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. आनंद त्यांनी अजिबात लपवला नाही. मग ओट्यावरची खायच्या सोड्याची पुडी उचलली, एक जुनं फडकं घेतलं आणि खाली गेले.

आई ताजी सुरमई घेऊन बाजारातून आली तेव्हा दोघांचे आवाज जिन्यात ऐकू येत होते. बुरशी सोड्याने जाते की लिंबाने, यावर. आईने मला सांगितलं, "दोन ताटं जास्त वाढ. काकींनी पण आज चूल पेटवलेली नसणार."