ढिगाच्या कडेचा गाळ

हे मी अजून कुणापाशीच काढलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही – आणि ज्यांना सांगायला हवं त्यांच्यापाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर सांगितलं असतं का? माहीत नाही. या प्रकरणात मला धड काहीच माहीत नाही, हे आधीच कबूल करते.

सोनगीरच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं छोटंसं युनिट आहे. पेपर मिलमधून जो गाळ निघतो ना – राखाडी, चिकट, आंबूस वासाचा – तो ओलाचिंब आमच्याकडे येतो. आम्ही तो पटांगणात टाकतो, वरखाली करून सुकवतो, त्यात केळीच्या खोडाचे धागे मिसळतो आणि साच्यात दाबून रोपांच्या कुंड्या करतो. कुंडीसकट रोप जमिनीत लावायचं, कुंडी मातीत विरून जाते. ऐकायला सोपं आहे, पण सगळा खेळ पाण्याचा. गाळ फार सुकला तर कुंडीला तडे जातात. ओला राहिला तर कुंडी वरून खडखडीत दिसते आणि आतून सादळलेली असते.

हे पाणी ओळखायच्या सिंधूअक्का. वय साठीच्या पुढे, शाळा दुसरीपर्यंत. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर गाळ काढायचा, दाबायचा – झालं. उन्हाळ्यात बिबड्यांचा – ज्वारीच्या पापडांचा – घाटा शिजत आला की गल्लीतल्या बायका त्यांनाच हाक मारायच्या, अक्का, जरा हात लावून बघा. तोच हात त्यांनी मिलच्या गाळाला लावला. आणि मी केमिस्ट्रीची बी.एस्सी.! मला त्या मुठीचा राग यायचा का? थोडा यायचा.

मग आमच्या मालकांनी, नानांनी, ओलावा मोजायचं मशीन आणलं आणि माझ्या ताब्यात दिलं. मी ते पर्ससारखं खांद्याला अडकवून मिरवायचे. सुरुवातीला मशीनचं आणि मुठीचं उत्तर रोज एकच यायचं. मला – खरं सांगते – त्याचं वाईट वाटायचं.

त्या दिवशी मला दुपारी धुळ्याला, मावसबहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. साडी नेसूनच कामावर आले होते. अक्कांनी मधल्या ढिगात हात घातला आणि म्हणाल्या, "ताई, यामा पानी शे अजून. दोन दिन ऱ्हाऊ द्या."

मी मशीन काढलं. पण ढिगात शिरायचं तर साडीचं वाटोळं. म्हणून बाहेर उभी राहूनच वाकले आणि कडेचा गाळ उचलला – जो उन्हानं केव्हाच वाळला होता. मशीननं बरोबर सांगितलं. मशीनची काही चूक नाही, त्या कडेच्या मूठभर गाळाबद्दल ते खरंच बोललं. "झालाय," मी म्हणाले, "घ्या साच्याला." अक्का पुढच्या ढिगाकडे वळल्या. मी साखरपुड्याला गेले, जेवले, फोटो काढले.

कुंड्या चाळीसगावकडच्या एका नर्सरीत गेल्या, पपईच्या रोपांसाठी. तीन आठवड्यांनी टेम्पो परत आला. कुंड्यांचे तळ सुटलेले, बाजूंना बुरशी, रोपं आडवी पडलेली. माल उतरवताना नानांनी विचारलं – अगदी सहज – "हा गाळ कोणी पास केला होता?"

इथं जरा थांबते. नाना रागीट नाहीत. त्यांनी मला कामावरून काढलं नसतं, चारचौघांत बोललेही नसते. मग मी का – ? तो क्षण मी कितीदा उलटून पाहिला. भीती सापडत नाही. डाव सापडत नाही. साडीची लाज वाटली म्हणावं, तर तीही धड नाही. विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं होतं, "अक्कांनी हात लावून सांगितलं होतं."

अक्का तिथंच उभ्या होत्या. आता भांडतील, असं मला वाटलं. भांडायलाच हवं होतं! पण त्या आठवड्यात पटांगणात तीन ढीग होते आणि त्या रोज तिन्हींना हात लावत होत्या. कुठल्या ढिगाला कुठल्या दिवशी काय म्हटलं, हे कोणाच्या लक्षात राहतं? माझ्या होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या तळहाताकडे. "मना हात चुकना व्हई, नाना," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या हातापेक्षा माझ्यावर. हे मला अजून पचत नाही.

त्या दिवसापासून मशीनशिवाय गाळ साच्याला घ्यायचा नाही, असं नानांनी ठरवलं. मीही आता ढिगाच्या पोटातलाच गाळ काढते. तेव्हापासून एकही कुंडी परत आलेली नाही. मग माझ्या खोट्यातून भलंच झालं म्हणायचं का? कॉलेजची पोरं युनिट बघायला येतात, तेव्हा मी त्यांना ऐटीत सांगते की नुसत्या हातावर विसंबून चालत नाही. मागे अक्का धागे मोकळे करत बसलेल्या असतात. त्या मान डोलावतात.

यंदा त्यांनी गल्लीतल्या बिबड्यांच्या घाट्यालाही हात लावला नाही. "मना हात आते भरवसाना नही," म्हणाल्या म्हणे. त्यांच्या सुनेनं मला हे हसत हसत सांगितलं. मीही हसले. का हसले?

आणि मागच्या महिन्यात मशीन बिघडलं. साचे तयार, माणसं खोळंबलेली. "अक्का, तुम्हीच बघा," मी म्हणाले. आपण त्यांना काहीतरी परत देतोय, असं मला तेव्हा वाटलं होतं – काय मूर्खपणा! त्यांनी ढिगात हात घातला, मूठ दाबली. बोटांच्या फटींतून पाणी निघालं, मनगटावरून ओघळत बांगड्यांपर्यंत गेलं. मला चार हातांवरून दिसत होतं. कुणालाही दिसलं असतं.

अक्कांनी मूठ तशीच धरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, यामा पानी शे का?"

"आहे," मी म्हणाले. तेवढंच म्हणाले.