देव पाण्यात, विमान वादळात

त्या दुपारी देव माझ्या मनातून साफ उतरला होता. माझे यजमान खनिजांच्या पाहणीसाठी कॅनडाच्या पार उत्तरेला, बर्फातल्या एका चिमुकल्या गावी गेले होते. तिथल्या नर्सचा आमच्या सिंगापुरातल्या, क्लेमेंटीच्या फ्लॅटवर फोन आला. यांचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. ऑपरेशनची सोय शेजारच्या गावात होती आणि तिथे विमानाशिवाय जाता येत नव्हतं.

मी लगेच कॉम्प्युटरवर अंतर सांगणाऱ्या एका साइटवर दोन्ही गावांची नावं घातली. अंतर आलं, खाली विमानप्रवासाचा वेळ आला, जेमतेम तासभर. माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंना म्हटलं, "काळजी करू नका, इथून चांगी विमानतळावर जायला लागतो तेवढाच वेळ." सिंगापुरात राहून ही खोड लागते. इथे पाटीवर वेळ दिसली की गाडी येतेच. पण त्या साइटने नुसता हिशेब मांडला होता. त्या दोन गावांमध्ये विमानसेवाच नव्हती. रुग्णाला न्यायचं विमान दूर दक्षिणेकडून यायचं आणि ते वादळामुळे तिकडेच अडकलं होतं.

सासूबाईंनी हात जोडले. "देवावर सोड गं."

"त्याच्यावरच सोडलं होतं ना? मग हे काय चालवलंय त्याने?"

मी तरातरा उठले, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलला आणि पाण्याने भरलेल्या पातेल्यात ठेवला. आमच्याकडे लोक काकुळतीला येऊन देव पाण्यात ठेवतात. मी रागाने ठेवला. "वादळ थांबव," मी बजावलं, "तोवर बाहेर काढणार नाही."

"अगं, देवाला दम देतेस?"

"हो, देते. माझा नवरा आहे तो!"

"माझा मुलगा आहे," असं म्हणत सासूबाई पातेल्याजवळ येऊन बसल्या. "मीही देते."

वादळ थांबलं नाही, उलट वाढलं. मी देवाला नाही नाही ते बोलले. मग फोन वाजला. वाणसामान घेऊन तिसऱ्याच गावी निघालेलं एक छोटं विमान, वाऱ्यामुळे तिथे उतरता येईना म्हणून, यांच्या गावी येऊन टेकलं होतं. इस्पितळाच्या दिशेला आभाळ मोकळं होतं. वैमानिकाने सामान उतरवलं, यांना आत आडवं निजवलं आणि तो निघाला. त्या भल्या माणसाचं नाव आम्हाला आजही ठाऊक नाही, पण रोज त्याच्यासाठी हात जोडले जातात.

ऑपरेशन झालं. फोनवर यांचा क्षीण आवाज ऐकला आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. डॉक्टर म्हणाले होते, आणखी थोडाही उशीर चालला नसता. दक्षिणेचं विमान वादळ थांबताच निघालं असतं, तरी इतक्या लांबून वेळेत पोचलं नसतं. बाळकृष्णाला पुसताना माझा हात थबकला. माझं ऐकून त्याने वादळ थांबवलं असतं, तर ते वाणसामानाचं विमान आपल्या वाटेने निघून गेलं असतं.

माफी मी मागितली नाही. अजूनही देवाशी कडाकडा भांडते, हवं ते ठणकावून मागते. ते कोणत्या वाटेने आणायचं, हे मात्र त्याला शिकवायला जात नाही.