बदामी रंगाचा प्लग

आख्ख्या वसई तालुक्यात स्वतःची तब्येत स्कूटरच्या आवाजावरून ठरवणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या मुलीचा सासरा आहे. स्कूटर एका लयीत चालली की व्याहीबुवांना भूक लागते, झोप लागते, पोट साफ होतं. ती जरा अडखळली की यांच्या तोंडची चव जाते. एकदा अंगात ताप होता म्हणून माझ्या लेकीनं, स्मितानं, त्यांच्या कपाळाला हात लावला, तर म्हणाले, "मला काय बघतेस, तिला बघ. सकाळपास्नं कन्हतेय."

आता 'ती' म्हणजे कोण ते सांगायला हवं. टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलात ऑइल मिसळून पाजावं लागतं आणि मागून निळा धूर सोडते ती जुनी जात. पत्रा आणि नंबरप्लेट सोडली तर तिच्यात कंपनीचं असं काही उरलेलं नव्हतं. व्याहीबुवांची वाडी गासला, आम्ही तुळिंजला, मधे रेल्वेचे रूळ आणि त्यावरून उड्डाणपूल. वाडीतल्या मुळ्याच्या जुड्या, केळीची पानं आणि पाठीमागे आमच्या विहीणबाई, एवढं सगळं घेऊन पुलाच्या चढावर ती बिचारी धापा टाकायची. दुसऱ्या कोणी नवी गाडी घेतली असती. यांनी तिचा सिलिंडर घासून मोठा केला, भंगारातल्या एका मोटरसायकलचा दांडगा कार्बोरेटर आणून तिच्या पोटात बसवला, आणि सायलेन्सर असा काही फुगवला-वाकवला, की मागून पाहिलं तर वाटावं, सनईवाला उलटा बसलाय. तेव्हापासून ती पूल चढायची ती बाण सुटल्यासारखी. पण परक्या घरातून आणलेला कार्बोरेटर! तो काही सुखासुखी नांदेना. आज गुरगुरतो, उद्या रुसतो. मग त्याची मनधरणी करण्यात व्याहीबुवांचं आयुष्य गेलं, आणि खोटं कशाला सांगू, त्यांना तेच हवं होतं.

मला हे सगळं कसं माहीत म्हणाल, तर ऐकून ऐकून. कार्बोरेटरात पेट्रोल आणि हवा यांचं लग्न लागतं आणि व्याहीबुवा त्या लग्नातले भटजी. पेट्रोल जास्त गेलं की इंजिन गुदमरतं, कमी गेलं की तापतं. पितळेची एक चिमुकली नळी असते, तिला जेट म्हणतात. तिच्या भोकातून पेट्रोल किती जायचं ते ठरतं. ते भोक एवढंसं, की माझ्या नथीची तारसुद्धा त्यातून जाणार नाही. हे मी अंदाजानं सांगत नाही. त्यांनी एकदा नथ मागितली होती.

आमच्या स्मिताला बघायला आले तेव्हाची गोष्ट. आम्ही पोह्यांचा घमघमाट करून बसलेलो, आमच्या ह्यांनी ठेवणीतला शर्ट घातलेला. मुलगा आला, मुलाची आई आली, वडलांचा पत्ता नाही. गॅलरीतून खाली बघते तर पांढऱ्या धोतर-टोपीतला नव्हे, चांगल्या इस्त्रीच्या पँटमधला एक गृहस्थ बिल्डिंगच्या आवारात फतकल मारून बसलाय आणि समोर रुमालावर पितळेचे तुकडे मांडलेत. मी घाबरून विचारलं, "काही अडलंय का हो?" वर मान न करता म्हणाले, "कचरा अडलाय. एक वाटी मिळंल का?" स्मिता वाटी घेऊन खाली गेली. वाटीबरोबर तिनं न सांगता एक जुना टूथब्रश आणि हात पुसायला फडकं नेलं. ह्या माणसानं ब्रशकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं आणि खालूनच ओरडून सांगितलं, "अगो ऐकलंस का, मुलगी पसंत हाय!" पोहे खायला वर आले ते तासाभरानं. मुलीचं शिक्षण त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.

कार्बोरेटर लावायचा तो पहाटे, कारण उन्हं वर आली की म्हणे हवा पातळ होते. ओट्यावर स्कूटर उभी, हे शेजारी डोळे मिटून उभे, एक हात स्क्रूवर आणि दुसरा हवेत, गवयानं सम येण्याची वाट बघावी तसा. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. कोणी बोललं की खेकसायचे, "थांबा रे, बोलतेय ती!" ऑइल मोजायला खोकल्याच्या औषधाचं झाकण. बाटलीवर परत बसवताना ते धुवायचं भान यांना कुठलं? एकदा विहीणबाईंना खोकला झाला, त्यांनी त्याच झाकणातून औषध घेतलं आणि दिवसभर त्यांच्या ढेकरांना पेट्रोलपंपाचा वास. "खोकला बरा झाला की नाही?" एवढंच व्याहीबुवांनी विचारलं. तो झाला होता बरा, त्यामुळे बाईंना भांडताही येईना.

माणसंही त्यांना इंजिनासारखीच दिसायची. आमचे हे जेवल्यावर सोफ्यावर लवंडतात, त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पेट्रोल जास्त, हवा कमी." एका लग्नात सगळे अक्षता टाकतायत आणि हे मांडवामागे जनरेटरपाशी कान लावून उभे. नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा पोर टाहो फोडत होतं. सगळ्या बायका दृष्ट काढायच्या गोष्टी करायला लागल्या, तर यांनी पोराला खांद्यावर टाकलं, पाठीवर दोन थापा मारल्या, ढेकर काढली आणि आईकडे परत दिलं. "हवा अडकली होती."

पण ह्या सगळ्यात खरा मानाचा विधी प्लगचा. इंजिनातला प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघायचा असतो. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे फारच कमी, आणि बदामी म्हणजे कार्बोरेटर बरोबर लागला. बदामी रंग आला की व्याहीबुवा तो प्लग रुमालात बांधून थेट तुळिंजला माझ्या स्वयंपाकघरात आणायचे. माझ्याच का, तर एका दिवाळीत त्यांनी मला बेसन भाजताना पाहिलं आणि नेमक्या क्षणाला मी गॅस बंद केला, तेव्हा ते टाळी वाजवून म्हणाले होते, "रंग कळतो बाईला!" घरी त्यांना कोणी विचारत नसे. विहीणबाईंचं म्हणणं, "मला भाजीचा रंग कळतो, तुमच्या भुताटकीचा नाय." मग काय, ओट्यावर कणकेचा गोळा, त्याच्या शेजारी तेलकट प्लग, आणि मी चष्मा लावून म्हणायची, "छान, खमंग." ते खूश. मी फडक्यानं ओटा पुसून घ्यायची.

गेल्या वर्षापासून मात्र हे येणं वाढलं. दर आठवड्याला प्लग. मी म्हणायची, "व्याहीबुवा, जरा कच्चं वाटतंय हो," तर म्हणायचे, "छे! चांगलं करपलंय. पेट्रोल जास्त होतंय तिला." घरी जाऊन अजून बारीक जेट घालायचे. मी म्हटलं, त्यांना कळत असेल, मी आपली बेसनवाली. तिकडे स्मिता वैतागलेली. सासूबाईंची कंबर, रस्त्यातले खड्डे आणि पुलावर सुटणारा तो बाण. तिनं सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, आईंना घेऊन एकदा जरी काही झालं, तर ही स्कूटर भंगारात. मी हात जोडणार नाही, भंगारवाल्याला फोन करणार." आमची स्मिता बोलते ते करते, हे त्यांना टूथब्रशच्या दिवसापासून ठाऊक होतं.

आणि झालंच. केळीची पानं आणि विहीणबाई घेऊन माझ्याकडे सत्यनारायणाला येत होते. पुलाचा चढ संपता संपता इंजिन तापून जाम झालं, मागचं चाक अडलं, स्कूटर फर्रकन् आडवी सरकली. वेग कमी होता म्हणून निभावलं. विहीणबाई पानांच्या भाऱ्यावर अलगद बसल्या आणि तशाच उठून पदर झटकत उभ्या राहिल्या. मागच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "आजी, पडल्या का?" तर त्याला म्हणाल्या, "पडंल तुझी सासू. मी उतरले." मग दोघांनी पुलाच्या उतारावरून स्कूटर ढकलत माझ्या दारात आणली. पूजेला आलेल्या बायकांनी दोन्ही बाजूंना सरकून वाट करून दिली.

पूजा आटपल्यावर बघते तर व्याहीबुवा स्वयंपाकघरात एकटेच, हातात प्लग. मी चष्मा लावला. प्लग खडूसारखा पांढराफटक. "अहो, हे तर पार पांढरं!" मी म्हटलं.

"पांढरं? विहीनबाय, बदामी हाय. उलट काळपटच."

माझ्या मनात पाल चुकचुकली. एका ताटलीत कच्चा रवा, दुसरीत प्रसादाला भाजलेला, तिसरीत बेसन, अशा तिन्ही ताटल्या त्यांच्यापुढे ठेवल्या. "ह्यातला कच्चा कुठला सांगा." त्यांनी एक ताटली खिडकीपाशी नेली, दुसरी नेली, तिसरी नेली. मग हळूच बोटानं चाखायला गेले.

"चाखायचं नाही," मी म्हटलं, "बघून सांगायचं."

ताटली खाली ठेवून ते पाटावर बसले. "सगळं एकाच रंगाचं दिसतं," ते म्हणाले. "चहा सांडलेल्या कापडातनं बघावं तसं. कोनाला बोलू नका. डोळ्याचं कळलं तर तुमची पोरगी गाडी इकंल. डोळा गेला तर गेला हो, पन गाडी गेली तर मी ओट्यावर बसून करू काय?"

तेव्हा मला कळलं, हा माणूस दर आठवड्याला माझ्याकडे शाबासकी घ्यायला येत नव्हता. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता म्हणून माझे डोळे वापरायला येत होता, आणि मी सांगितलेलं त्याला ऐकवतही नव्हतं.

मी म्हटलं, "सांगणार नाही कसं? सगळ्यांना सांगणार. पण आधी मला सांगा, कार्बोरेटरात कचरा अडकला तर तुम्ही स्कूटर विकता की कार्बोरेटर उघडता?"

"उघडतो," ते पडेल आवाजात म्हणाले.

"मग डोळा उघडा."

पूजेला आलेल्या स्मिताला बोलावलं. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होतीच. मला वाटलं, आता फोन काढते की काय भंगारवाल्याला. तिनं फोन काढला, पण डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घ्यायला. "स्कूटर आत्ता झाकून ठेवा," ती म्हणाली. "आधी डोळे. डोळे धड झाले आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, तर बघू. नाही म्हटलं, तर मी कोणाचं ऐकणार नाही." त्या 'तर बघू'वर व्याहीबुवा पुढचे दोन-तीन महिने जगले.

विरारला डॉक्टरीणबाईंसमोर आम्ही सगळे बसलेलो. मोतीबिंदू पिकलाय म्हणाल्या, जुनी काच काढून नवी घालू, घाबरायचं काही नाही. शंका असेल तर विचारा. व्याहीबुवांनी घसा खाकरला. मला वाटलं, दुखेल का विचारणार. त्यांनी विचारलं, "काढलेला माल परत मिळंल ना?"

बाईंना कळेना. मी समजावलं, की आमच्याकडे गॅरेजमध्ये पार्ट बदलला की जुना गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची पद्धत आहे. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "काका, तो आतच फोडून ओढून घेतात. हातात देण्यासारखं काही उरत नाही."

"मग बदलला हे कशावरनं समजायचं?"

"तुम्हाला दिसेल त्यावरून," बाई म्हणाल्या.

एक डोळा झाला, पुढच्या महिन्यात दुसरा झाला. काळा गॉगल घालून व्याहीबुवा गासच्या ओट्यावर बसले, तेव्हा गावातली पोरंसोरं बघायला येत. नंतर तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या ओळी वाचून घेतल्या आणि गाडी चालवायला हो म्हटलं. स्मितानं दोन वेळा विचारून खात्री केली, मग स्कूटरवरचं कापड स्वतःच काढलं. व्याहीबुवांनी पिस्टन नवा घातला. कार्बोरेटर ते पुन्हा पहाटे लावायला बसणार, म्हणून विहीणबाईंनी कानात घालायला कापूसही काढून ठेवला होता.

ते बसलेच नाहीत. चहाचा कप हातात घेऊन विहीणबाईंकडे बघत राहिले. असे बघत राहिले, की बाई लाजून चिडल्या. "काय झालं? काय लागलंय तोंडाला?"

"तू एवढी कधी पिकलीस गो?" ते म्हणाले. "आनि हा हातावर वण कसला?"

"पुलावर सालपटला. तेव्हा दाखवला होता तुम्हांला."

"दिसला नाय," ते म्हणाले. ही हकिगत मला विहीणबाईंनीच सांगितली, आणि सांगताना तो हात पदराखाली घेतला.

त्या दिवशी व्याहीबुवांनी मोटरसायकलचा दांडगा कार्बोरेटर उतरवला. माळ्यावर कुठे पोत्यात होता तो कंपनीचा मूळचा, साधा, बारकुडा काढला, धुतला, बसवला. फुगीर सायलेन्सरही गेला. प्लग काढून स्वतःच पाहिला, पुसून परत लावला. कोणालाही दाखवला नाही.

परवा दोघं माझ्याकडे जेवून निघाले. मी गॅलरीत उभी होते. स्कूटर आता इतकी हळू जाते, की सायकलवाला पाववाला घंटी वाजवून पुढे निघून गेला, आणि व्याहीबुवांनी त्याला वाट दिली! पूर्वी असं झालं असतं तर आठवडाभर जेवले नसते. आता त्यांना घाई नाही. दुकानांच्या पाट्या वाचतात, फुलवालीच्या टोपलीतली अबोली बघतात, आणि दर थोड्या अंतरावर मान वळवून मागे बसलेल्या बाईंकडे बघतात. पुलाच्या तोंडाशी पोचेपर्यंत मला ऐकू येत होतं, आवाजात राग होता आणि रागात दुसरंही काही होतं,

"अहो, पुढं बघा! पुढं!"