जाळ्याच्या दोरीने मापलेलं छप्पर

काल संध्याकाळी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये हात धूत होतो, तेवढ्यात आईचा फोन. "पाऊस लागलाय. ऐक." तिने फोन वर पत्र्याकडे धरला. नुसता तडतड आवाज... आणि मी नळ चालू ठेवून ऐकत उभा राहिलो राव.

हा आवाज ऐकायला मिळेल याची काही खात्री नव्हती. म्हणून लिहितोय. आठवीत शाळा सोडलेला माणूस आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमचं घर रत्नागिरीत, बंदराजवळ. पुढे आईची खानावळ, मागे राहायचं. मी इकडे शेड बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. एका जागी टिकत नाही अशी माझी ख्याती... आधी चाकण, मग तळवडे, आता भोसरी.

चक्रीवादळ आलं त्या दुपारी आईचा फोन बंद झाला. मोबाईलवर सगळे आमच्याच बंदराचे व्हिडिओ... माड आडवे, खांब वाकलेले, एक होडी थेट रस्त्यात. मी फोन घेऊन वर्कशॉपच्या छपरावर चढलो, जणू रेंज माझ्याकडेच कमी होती.

शेवटी आईनेच टेकडीवर जाऊन रेंज पकडली. पहिलंच वाक्य, "आपला पत्रा तांडेलांच्या माडावर चढलाय. भाड्यानं ऱ्हायल्यासारखा." मग हळूच म्हणाली, "भिंती हायत. पण मातीतल्या हायत रे."

एवढंच पुरे होतं. चिऱ्याच्या भिंती, पण सांध्यांत माती. वर छप्पर नसताना पाऊस पडला की माती वाहणार आणि भिंत बसणार... मग घरही गेलं आणि खानावळही. पाऊस तर दारात. नवा पत्रा कुठूनतरी मिळाला असता, पण लाईट नव्हती. तिथले वेल्डर हातावर हात ठेवून बसलेले.

मी बॅग भरली. आमचे मिस्त्री सलीमभाई, लातूरकडचे, दारात आडवे. "रिकाम्या हातानं जाऊन काय करणार भावा? आईच्या डोक्यावर छत्री धरणार का? माप मागव. सांगाडा इथं बनवू, तिथं नुसता पाना फिरवायचा." म्हणजे लोखंडी अँगल इथेच कापायचे, भोकं इथेच पाडायची आणि तिथे सगळं नट-बोल्टवर उभं करायचं. वेल्डिंगच नाही तर लाईट कशाला लागते...

लांबीला पत्रे किती लागतात ते आईला पाठ होतं. प्रश्न रुंदीचा. घरातली टेप वादळाच्या पसाऱ्यात सापडेना. मग तिने जाळ्याची नायलॉनची दोरी घेतली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धरली आणि गाठ मारली. विजेचे खांब पोचवून एक ट्रक पुण्याकडे परत निघाला होता, त्याच्या ड्रायव्हरच्या हाती दोरी दिली.

पिशवी उघडली तर वर्कशॉपभर बोंबलाचा वास. पोरं म्हणाली, "माप आलंय का कालवण?"

एक टोक सलीमभाईंनी धरलं, एक मी. चांगली ताणून मोजली, गवंडी लाइनदोरी ताणतो तशी. मालकांनी पडून असलेला अँगल दिला. शिफ्ट सुटली की पोरं घरी न जाता कापायला बसायची, आपल्याच घराचं काम असल्यासारखी.

सांगाडा आणि त्याच मापाचे नवे पत्रे टेम्पोत घातले आणि सलीमभाईंना घेऊन सुटलो. आमच्या गल्लीत शिरलो तर मलाच ओळखू येईना. कुठे सावलीच उरली नव्हती. आई भिंतीवर ताडपत्री दाबत उभी.

पहिला अँगल वर चढवला... आणि तो भिंतीच्या हातभर बाहेर. दुसरा तसाच. सगळेच तसे. शेजारचे तांडेलकाका, ज्यांच्या माडावर आमचा पत्रा होता, खालून म्हणाले, "काय रे, पुण्यात भिंती लांब असतात काय?"

आईने दोरी मागितली, दोन्ही हातांनी ओढली... दोरी लांबली. "ताणलीस व्हय? खारव्याचा पोर ना तू? मी सैल धरून गाठ मारली हुती." आम्ही खारवी, मासेमारी करणारे. लहानपणी हीच जाळी ओढत मोठा झालो आणि स्टीलच्या टेपच्या नादात विसरलो.

मी कापायला हॅक्सॉ शोधू लागलो, तर आई म्हणाली, "कापू नको. जादा सगळं पुढं काढ. माणसं दारात उन्हात हात धुतात, त्यांना सावली व्हईल." सलीमभाई हसायला लागले. "ताई, तुम्ही वर्कशॉपला या, मी घरी बसतो."

पण छप्पर पुढे काढलं की वारा त्याला खालून धरतो. पुढच्या भिंतीवर जादा बोल्ट हवे, म्हणजे नवी भोकं... आणि लाईट नाही. तांडेलकाका घरात गेले आणि होडीच्या कामाचं, हाताने फिरवायचं ड्रिल घेऊन आले. मग काय... अख्खी गल्ली आळीपाळीने मूठ फिरवत होती. एक दमला की दुसरा. काका मागून, "फिरवा रे, माझा माड मोकळा करायचाय."

दिवस मावळायच्या आत शेवटचा पत्रा बसला. सलीमभाई पुढच्या टोकाला दोन्ही हातांनी लटकले, पाय वर घेऊन. छप्पर हललं नाही. खाली शिट्ट्याच शिट्ट्या. आईने चूल पेटवली आणि पहिलं ताट त्यांच्यापुढे ठेवलं... त्या पुढे आलेल्या सावलीतच.

निघताना टेम्पोत बघतो तर दोऱ्या. गल्लीतल्या घराघरातून छपराचं माप म्हणून आलेल्या, गाठी मारलेल्या, ओळखीसाठी प्रत्येकीला वेगळी चिंधी. आता वर्कशॉपमधला बोंबलाचा वास काही जात नाही, आणि कोणी तक्रारही करत नाही. सलीमभाई दोरी फरशीवर नुसती पसरतात आणि दरडावतात, "ताणू नका रे कोणी."

मी एका जागी टिकत नाही, हे खरंच आहे. पण माझ्या हातचं छप्पर टिकलंय... काल पावसात ऐकलं मी. सलीमभाई, पोरांनो, तो आवाज तुमचाही आहे.